जनार्दन नवले : हिंदुस्थानचे पहिले कसोटी यष्टिरक्षक

आमच्या कर्वेनगरातील कोणत्याही मुलास आजच्या यष्टिरक्षकाचे नाव विचारावे. तो तत्काळ सांगेल. परंतु कसोटी सामन्यात हिंदुस्थानतर्फे प्रथम यष्टींमागे जे उभे राहिले, ते जनार्दन ज्ञानोबा नवले आपल्याच पुण्यात कालवश झाले, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

नवले यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ रोजी फुलगाव येथे झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीच मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे यष्टिरक्षण त्यांजकडे आले. ज्या संघात पालवणकर बंधूंसारखे नामांकित खेळाडू होते, त्यात हे शाळकरी वयाचे पोर! यष्टिरक्षकाचे काम मोठे कष्टाचे. दिवसभर प्रत्येक चेंडूस वाकावयाचे, आणि चेंडू नीट झेलला तर त्याची दखल कोणी घ्यावयाची नाही. सुटला मात्र की सर्वांच्या दृष्टी त्याच्यावर. त्या काळी डोक्यास शिरस्त्राणही नसे.

२५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. दौऱ्याचे नायकत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते, कारण त्या काळी हा खेळ राजेरजवाड्यांच्या आश्रयाने चाले. मात्र प्रत्यक्ष सामन्यात कर्नल नायडू नायक झाले. इंग्लंडचे नायक जार्डिन ७९ धावांवर खेळत असता नायडूंच्या चेंडूवर त्यांचा झेल नवले यांनीच घेतला. इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला. निसार व अमरसिंग यांच्या वेगवान माऱ्यापुढे दिवसाचा बराचसा काळ यष्टींमागे काढलेले नवले त्याच सायंकाळी पायांस पॅड बांधून सलामीस उतरले, आणि हिंदुस्थानच्या कसोटी इतिहासातील पहिला चेंडू त्यांनी खेळला. नऊमल यांच्यासह त्यांनी ३९ धावांची सलामी दिली. त्यांच्या स्वतःच्या धावा १२, दुसऱ्या डावात १३. सामना १५८ धावांनी गेला, तरी हिंदी खेळाडूंनी बलाढ्य इंग्लंडशी चांगली झुंज दिली, असेच आम्ही म्हणू.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईस जिमखान्यावर ते पुन्हा खेळले. धावा १३ व ४. पुढील कलकत्त्याच्या सामन्यात दिलावर हुसेन यष्टींमागे आले व त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके काढली. नवले यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली : दोन सामने, चार डाव, ४२ धावा.

यापुढील हकीकत लिहिताना मन कष्टी होते. खेळाने त्यांस कीर्ती दिली, निर्वाहाचे साधन दिले नाही. उतारवयात त्यांस एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी पत्करावी लागली. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात त्यांचा संसार होता. ज्या मुलांस केवळ खेळावर आयुष्य काढावेसे वाटते, त्यांच्या आईबापांनी काळजी करावी यात आम्हांस नवल वाटत नाही. पण दोष मुलांच्या हौसेचा की खेळाडूस विसरणाऱ्या समाजाचा?

७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यात नवले यांचे देहावसान झाले. जुन्या खेळाडूंस मासिक निवृत्तिवेतन देण्याची क्रिकेट मंडळाची योजना २००४ साली सुरू झाली.