ठासणीच्या बंदुका घेऊन इंग्रजांशी लढायला निघालेला पनवेलचा कारकून: वासुदेव बळवंत फडके

पेण, रोहा, माणगाव या भागात तुमचं गाव असेल, तर ठासणीची बंदूक तुम्ही पाहिली असेल किंवा तिच्याबद्दल ऐकलं तरी असेल. रानडुकरं आणि वानरं शेतात शिरू नयेत म्हणून शेती संरक्षणाच्या परवान्यावर घरात ठेवलेली लांब नळीची जुनी बंदूक. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची.

आज या बंदुकीचं काम शेत राखण्याचं. पण दीडशे वर्षांपूर्वी याच जिल्ह्यातला एक माणूस साधारण अशाच बंदुका घेऊन इंग्रज सरकारशी लढायला निघाला होता.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके.

त्यांनी रामोशांना एकत्र केलं, धाडी घातल्या आणि एडनच्या तुरुंगात ते गेले, हे शाळेत शिकवलं जातं. पण ते कोणत्या हत्यारांनी लढले, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं बंड का पेटलं हे दुष्काळाकडे बघून कळतं, पण ते सहा महिन्यांच्या आत का संपलं हे कळायला बंदुकीकडे बघावं लागतं.

किल्लेदाराचा नातू, सरकारचा कारकून

मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलहून पेणकडे निघालं की शिरढोण लागतं. थोडं पुढे गेलं की अंगठ्यासारखा सुळका असलेला कर्नाळा किल्ला दिसतो. वासुदेव बळवंतांचा जन्म शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली हा किल्ला इंग्रजांनी घेतला.

किल्लेदाराचा नातू मात्र इंग्रजांच्याच नोकरीत गेला. शिक्षण आणि मुंबईतल्या एक-दोन नोकऱ्या झाल्यावर ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून लागले. तिथे त्यांनी बरीच वर्षं काढली.

मग एक प्रसंग घडला. गावाकडे आई आजारी पडली. रजा मिळाली नाही. शेवटी ते शिरढोणला पोचले, तेव्हा आई गेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धालाही साहेबाने रजा दिली नाही. हा घाव त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यात १८७६ चा दुष्काळ आला. दख्खनची गावं ओस पडली, माणसं भुकेने मेली आणि सरकारची वसुली चालूच राहिली. ते स्वतः गावोगाव फिरून हे सगळं बघत होते.

लहुजी वस्तादांची तालीम

पुण्यात गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. कुस्ती, दांडपट्टा, तलवार आणि नेमबाजी हे सगळं तिथे शिकवलं जायचं. वासुदेव बळवंत तिथेच तयार झाले. पुढे त्यांनी स्वतः तरुणांना शिकवायला सुरुवात केली. शहराबाहेर गुलटेकडीच्या परिसरात, तेव्हा तिथे झाडी होती, त्यांचा सराव चालायचा. दुसरी पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लिहायला-वाचायला आणि हत्यार चालवायला शिकवलं.

आता नेमबाजी म्हटलं की आपल्याला वाटतं, डोळा मिटायचा आणि चाप ओढायचा. ठासणीच्या बंदुकीत चाप ओढणं हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम. खरी परीक्षा त्याच्या आधी होते.

एक बार भरायला काय लागतं?

या बंदुकीला तयार काडतूस नसतं. प्रत्येक बार हाताने भरावा लागतो. नळीच्या तोंडातून आधी मोजून दारू ओतायची. ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी भुकटी. मग चिंधी किंवा काथ्याचा बोळा आणि शिशाची गोळी किंवा छर्रे. हे सगळं गजाने ठासायचं. म्हणून ती ठासणीची. शेवटी मागच्या बाजूला कानावर केप बसवायची. घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

यात चूक कुठेही होऊ शकते. दारू कमी पडली तर गोळी निशाणापर्यंत पोचतच नाही. जास्त झाली तर नळी फुटून हात आणि डोळा दोन्ही जायचा धोका. गोळी दारूवर घट्ट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तरी नळी फुटू शकते. दारू दमट असली तर नुसता धूर आणि फुस्स. नेत्याच्या भाषणाला आपण फुसका बार म्हणतो, त्यातला बार हाच.

त्यात प्रत्येक बंदूक वेगळी आणि दारूचा प्रत्येक घाणाही वेगळा. त्यामुळे नवी दारू आली की आधी थोडी घालून बार काढून बघायचा, गोळी कुठे लागते ते पाहायचं आणि मग माप ठरवायचं. चार-सहा बार झाले की नळीत काजळी साचते, गोळी आत जाईना होते, मग नळी धुवायची. अशा बंदुकीचा नेमबाज घडायला वेळ लागतो, शांत जागा लागते आणि मुख्य म्हणजे उडवायला भरपूर दारू लागते.

यातलं काहीच बंडखोराकडे मुबलक नसतं.

पलीकडे खडकीचा कारखाना

याच पुण्यात १८६९ साली इंग्रजांनी खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू केला होता. १८६६ पासून इंग्रजी फौजेत स्नायडर रायफल आली होती. ती मागून भरायची. दारू, गोळी आणि केप एकाच काडतुसात. माप कारखान्यातच ठरलेलं असायचं, शिपायाने फक्त काडतूस सरकवायचं.

फरक किती? ठासणीच्या बंदुकीतून कसलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. स्नायडरमधून दहाच्या आसपास. तेही जमिनीवर पडून, आडोशाला राहून. ठासणीच्या बंदुकीला गज मारायचा तर बहुतेक वेळा उभं राहावं लागतं, म्हणजे आपणच निशाण व्हायचं.

इंग्रज इतके सावध होते, की १८५७ नंतर त्यांनी आपल्याच हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायचं धोरण ठेवलं होतं. गोऱ्या शिपायांकडे पुढची मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा हिंदी शिपायांच्या हातात स्नायडर आली. लोकांचं तर बोलायलाच नको. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला हत्यार ठेवायला परवाना लागणार आणि युरोपियन माणसाला त्यातून सूट. हा कायदा दारूगोळ्यालाही लागू होता.

वासुदेव बळवंतांचं बंड त्याच्या पुढच्याच वर्षी सुरू झालं.

धामारी ते पळस्पे

२० फेब्रुवारी १८७९ ला पुण्याबाहेर लोणीजवळ सुमारे दोनशे माणसं जमली. त्यात रामोशी सगळ्यात जास्त. रामोशी म्हणजे पूर्वीचे गडांचे आणि गावांचे राखणदार. हत्यार आणि रात्रीची वाट या दोन्ही गोष्टी त्यांना नव्या नव्हत्या. तीन दिवसांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिली धाड पडली. मग एकामागून एक गावं.

पद्धत बघा. रात्री यायचं, सावकाराचं घर गाठायचं, पैसा घ्यायचा आणि उजाडायच्या आत डोंगरात. उघड्या मैदानात फौजेसमोर उभं राहायचं नाही. कारण साधं आहे. हातात तलवारी, भाले आणि मोजक्या बंदुका. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत समोरचा तीन-चार गोळ्या झाडणार. अशा हत्याराने अंधार, जवळून हल्ला आणि पळण्याची वाट एवढ्याच जोरावर लढता येतं.

पैसाही त्यांना यासाठीच हवा होता. माणसं आणि हत्यारं जमवायची आणि मोठी फौज उभी करायची. मे महिन्यात त्यांचे सरदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली गावांवर त्यांनी धाड घातली. पळस्पे म्हणजे शिरढोणच्या अगदी शेजारचं. लूट मोठी मिळाली. पण परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठलं. त्या चकमकीत दौलतराव पडले.

तिथेच बंडाचा कणा मोडला. वासुदेव बळवंत निजामाच्या मुलुखाकडे वळले. रोहिल्यांची नवी फौज उभी करायचा त्यांचा बेत होता. त्यांना पकडून देणाऱ्याला सरकारने बक्षीस लावलं होतं. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावात, दमलेल्या आणि आजारी अवस्थेत, ते डॅनियलच्या हाती लागले.

एडनचा दरवाजा

पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका त्यांच्या बचावाला उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची. १८८० च्या सुरुवातीला त्यांची रवानगी एडनला झाली. तिथेही एका रात्री त्यांनी कोठडीचा दरवाजा बिजागऱ्यांतून उचकटला आणि ते पळाले. पण अनोळखी वाळवंटात जाणार कुठे? ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३७.

ते हरले हे खरं. पण त्यांची हार नेमबाजीतली नव्हती. एका बाजूला प्रत्येक बार मोजून, ठासून, जीव मुठीत धरून भरणारी माणसं होती आणि दुसऱ्या बाजूला अख्खा कारखाना. तरीही सरकारला त्यांच्यामागे फौज लावावी लागली.

पुढच्या वेळी पनवेलहून पेणकडे जाताना शिरढोणला पाच मिनिटं थांबा. तिथे त्यांचं स्मारक आहे. आणि गावी कुणाच्या घरात खुंटीला ठासणीची बंदूक दिसली, तर घरातल्या जुन्या माणसाला एक बार भरायला किती वेळ लागतो तेवढं विचारा. वासुदेव बळवंतांकडे दोन बारांच्या मध्ये तेवढाच वेळ असायचा.