श्यामच्या आईपलीकडचे साने गुरुजी

एखाद्या लेखकाचे एखादे पुस्तक घरोघरी पोचले की त्या पुस्तकाच्या आड तो लेखकच झाकला जातो. पांडुरंग सदाशिव साने यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. ‘श्यामची आई’ या पुस्तकाने आणि १९५३ साली त्यावर निघालेल्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने साने गुरुजींची एक हळवी, अश्रू ढाळणारी मूर्ती महाराष्ट्राच्या मनात कायमची बसवली. ती खोटी नाही, पण अपुरी खचित आहे. खानदेशने पाहिलेले गुरुजी शेतकऱ्याच्या साऱ्याचा आणि गिरणी कामगाराच्या मजुरीचा हिशेब मागणारे होते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारे. परंतु वडिलांच्या काळात घराला उतरती कळा लागली आणि कर्ज व जप्ती या शब्दांचा अर्थ मुलाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. दारिद्र्याशी झगडत त्यांनी एम. ए. पर्यंतचे शिक्षण पुरे केले. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले. मुलांचे वसतिगृह सांभाळता सांभाळता हा कोकणचा तरुण खानदेशचा झाला.

हा खानदेश परसत्तेच्या अर्थकारणात किती खोलवर गुंतलेला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकन वसाहतवाल्यांनी १७७३ साली बोस्टनच्या बंदरात फेकून दिला, त्याच कंपनीने पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ साली खानदेश आपल्या अमलाखाली आणला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. युद्ध संपताच ते कोसळले. भाव लंडन-लिव्हरपूलला ठरत, पाऊस दैवाच्या हाती असे. सारा मात्र ठरल्या हप्त्याने, रोखीत भरावा लागे. हप्त्याची तारीख जवळ आली की शेतकऱ्याला सावकाराचा उंबरठा चढण्यावाचून गत्यंतर नसे.

ज्या पार्लमेंटात आपला प्रतिनिधी नाही तिने आपल्यावर कर बसवू नये, या एका मुद्द्यावर अमेरिकेतील वसाहतींनी लढा उभारला. हिंदुस्थानात १९३० साली मिठावरील कर हे असेच निमित्त ठरले. खानदेशला समुद्र नाही. पण तो कर प्रत्येक चुलीपर्यंत पोचलेला होता. गुरुजींनी शाळेचा राजीनामा दिला, सत्याग्रहात उडी घेतली आणि त्यांची रवानगी धुळ्याच्या तुरुंगात व तेथून त्रिचनापल्लीस झाली. दक्षिणेतील सोबत्यांमुळे त्यांना तमिळ भाषेची गोडी लागली. प्रांताप्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे बीज तेथे रुजले. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावे यांनी तेथे दर रविवारी गीतेवर दिलेली अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज उपलब्ध आहे. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, पूर्व खानदेशातील फैजपूर येथे, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. सारा व खंड यांत कपात, कर्जाचा भार हलका करणे, शेतमजुराला पोटापुरती मजुरी, असा शेतीविषयक कार्यक्रम या अधिवेशनाने मान्य केला. ठराव झाला आणि मांडव उतरला. परंतु ठरावाची कसोटी अंमलबजावणीत असते, आणि ती वेळ लौकरच आली.

१९३८ साली अतिवृष्टीने पूर्व खानदेशातील पिके बुडाली. मुंबई प्रांतात तेव्हा काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. आपल्या पक्षाचे सरकार अडचणीत येऊ नये म्हणून मौन धरणे गुरुजींना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. सभा भरवल्या, मिरवणुका काढल्या, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले आणि सारामाफीची मागणी लावून धरली. अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिकही चालवले. ज्या प्रतापशेठजींच्या उदार आश्रयाने अमळनेरच्या शिक्षणसंस्था वाढल्या, त्यांचीच तेथील गिरणी. पण त्या गावी गिरणी कामगारांची संघटना उभारताना गुरुजींनी भीड बाळगली नाही. परक्याशी लढणे सोपे; आपल्या माणसांना जाब विचारणे कठीण. गुरुजींचे खरे मोठेपण या कठीण कामात आहे.

बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार व त्याचे बालमित्र गोळीबारात बळी पडले, तो हाच काळ. १९४३ साली गुरुजी मुंबईत पकडले गेले. सुटकेनंतर स्वातंत्र्य हाकेच्या अंतरावर दिसू लागले, तेव्हा त्यांनी हरिजनांना पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढला आणि १ मे १९४७ रोजी प्राणांतिक उपोषण आरंभले. उपोषण सोडावे असे खुद्द गांधीजींनी कळवले असताही ते ढळले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच त्यांनी उपोषण सोडले.

येथे अमेरिकेचा इतिहास पुन्हा आठवतो. सर्व माणसे समान आहेत असे १७७६ साली जाहीर करणाऱ्या त्या देशात गुलामगिरी कायद्याने नष्ट व्हायला १८६५ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी रक्ताचे पाट वाहिले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात ज्यांची आठवण ठेवली जात नाही, त्यांचा हिशेब पुढच्या पिढ्यांना व्याजासह चुकवावा लागतो. राज्य हाती येण्यापूर्वीच आपल्या घरातील ही थकबाकी चुकवावी, असा गुरुजींच्या उपोषणाचा अर्थ होता.

गांधीजींच्या हत्येने ते खचले, तरी १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतरचे वास्तव मात्र त्यांना सोसवले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. त्या शेवटाकडे पाहून त्यांना दुर्बल ठरवणारे लोक आहेत. त्यांनी आधीच्या वीस वर्षांचा जमाखर्च नीट मांडावा. कापसाच्या भावाने आणि पावसाच्या लहरीने खानदेशचा शेतकरी आजही हवालदिल होतो. त्याच्यासाठी, सत्ता आपल्याच माणसांची असली तरी, कचेरीच्या पायऱ्या चढणारे गुरुजी शाळेतल्या मुलांना श्यामच्या आईइतकेच ठाऊक झाले पाहिजेत.