एलायजा लव्हजॉय यांचे अल्पचरित्र

एलायजा पॅरिश लव्हजॉय यांचा जन्म अमेरिकेतील मेन प्रांतात ९ नोव्हेंबर १८०२ रोजी एका पाळकाच्या घरी झाला. विद्याभ्यास पुरा करून ते १८२७ साली सेंट लुइस शहरी आले. तेथे त्यांनी शाळा चालवली व पुढे एका वर्तमानपत्राचे संपादन केले. १८३२ साली धर्मजागृतीच्या सभांत त्यांचे मन पालटले. तेव्हा प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकून ते उपदेशक झाले व १८३३ पासून ‘सेंट लुइस ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक चालवू लागले.

त्या शहरी आफ्रिकी वंशाच्या माणसांची गुराढोरांप्रमाणे खरेदीविक्री होत असे. ही गुलामगिरी हळूहळू नाहीशी व्हावी, एवढेच लव्हजॉय प्रथम म्हणत. परंतु १८३६ साली एका शिपायाचा खून केलेल्या कृष्णवर्णी मनुष्यास जमावाने तुरुंगातून ओढून जिवंत जाळले, आणि न्यायाधीशाने जमावास मोकळे सोडावे असा कल दाखवला. लव्हजॉय यांनी दोघांचाही उघड निषेध केला. त्यामुळे त्यांच्या छापखान्याची मोडतोड झाली. मग ते मिसिसिपी नदीवरच वरच्या बाजूस असलेल्या, इलिनॉय प्रांतातील ऑल्टन गावी गेले. तो प्रांत गुलामगिरीस मनाई करणारा होता. तरी तेथे नदीकाठी उतरवलेले त्यांचे छापयंत्र लोकांनी पाण्यात लोटले. पुढे १८३७ च्या ऑगस्टात दुसरे व सप्टेंबरात तिसरे यंत्र नष्ट झाले.

गावच्या प्रतिष्ठितांनी त्यांस निघून जाण्यास सुचवले. पत्नी आजारी, मूल लहान. भरसभेत त्यांचे डोळे भरून आले. तरी आपण काही अपराध केला नाही, म्हणून आपले काम सोडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

७ नोव्हेंबरच्या रात्री चौथे यंत्र एका दगडी वखारीत होते. जमाव चालून आला. आतील मंडळीजवळ बंदुका होत्या व जमावातील एक मनुष्य गोळी लागून मेला. उपदेशकाने शस्त्र धरावे काय, यावर गुलामगिरीच्या विरोधकांतही पुढे वाद झाला. छपरास आग लावणाऱ्यास अडवण्यास लव्हजॉय बाहेर आले, तोच पाच गोळ्या लागून ते मरण पावले. पस्तिसाव्या वाढदिवशी त्यांस पुरले. या खुनाबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही.

त्यांचे भाऊ ओवेन हेही पाळक होते. त्यांनी भावाचे कार्य पुढे नेले व ते देशाच्या विधिमंडळात निवडून गेले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मात्र तो दिवस पाहण्यास ओवेनही राहिले नव्हते.

वाचकहो, चार यंत्रे मोडली, तरी त्यांवर छापलेला शब्द बुडाला नाही. आपल्या हाती आलेले साधे पत्रही कोणी केवढे मोल देऊन चालवले असेल, हे आठवून ते वाचावे. आणि ज्या शेजाऱ्यास अक्षर येत नाही, त्यास वाचून दाखवावे.