भूलतज्ज्ञ डॉ. जॉन लंडी



ऑपरेशनच्या टेबलावर शिरेत सुई जाते, डॉक्टर आकडे मोजायला सांगतात आणि पंचविसापर्यंत पोचायच्या आत आपण गाढ झोपलेलो असतो. ही पद्धत रुळवण्यात डॉ. जॉन लंडी यांचा मोठा वाटा आहे.

त्यांचा जन्म १८९४ चा, नॉर्थ डकोटातला. सिएटलमध्ये भूल देण्याचं काम करत असताना विल्यम मेयो यांच्याशी गाठ पडली आणि १९२४ मध्ये ते रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये आले. तेव्हा भूल म्हणजे मुख्यतः ईथर: नाकातोंडावर मास्क, उग्र वास, घुसमट आणि नंतर उलट्या. १९२६ मध्ये लंडींनी 'संतुलित भूल' ही कल्पना मांडली. एकाच औषधावर सगळा भार नको. आधी गुंगीचं औषध, मग तेवढीच जागा बधिर करणं, आणि वर थोडीशी भूल. (आम्हा आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल!)

पुढे ॲबट कंपनीत व्होलवायलर आणि टॅबर्न यांनी पेंटोथाल हे बार्बिट्युरेट बनवलं. ते माणसाला पहिल्यांदा दिलं मॅडिसनच्या डॉ. राल्फ वॉटर्स यांनी, ८ मार्च १९३४ ला. लंडींनी जूनमध्ये सुरुवात केली, पण चिकाटीनं वापरून त्याची पद्धत बसवली त्यांनीच.

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं. पेंटोथाल त्याचा जोर वाढवतं. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते. गंमत पुढे आहे. पाच-दहा मिनिटांत जाग येते, ती औषध संपलं म्हणून नव्हे, तर ते मेंदूतून निघून स्नायूंमध्ये पांगलं म्हणून! शरीरात ते तासन्‌तास असतं. पुन्हा पुन्हा दिलं तर साठत जातं आणि जाग लांबते. शिवाय ते वेदना थांबवत नाही, श्वास मंदावतो, रक्तदाब उतरतो. म्हणजे एकट्यानं सगळं करणारं हे औषध नव्हेच.

७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर हेच चर्चेत आलं. खूप रक्त गेलेल्या जखमींना पेंटोथाल दिल्यानं मृत्यू झाले, अशी टीका १९४३ मध्ये छापून आली. पुढे जुन्या नोंदी तपासल्यावर तो आकडा अफवांनी फुगवलेला निघाला. पण धोका खरा होता. रक्त कमी झालेल्या माणसाला नेहमीचा डोससुद्धा जड जातो.

लंडींचं लक्ष मात्र औषधापुरतं नव्हतं. १९३५ मध्ये त्यांनी मेयोत रक्त साठवून ठेवायची सोय केली, आणि १९४२ मध्ये ऑपरेशननंतर रुग्णांवर नजर ठेवायला वेगळी खोली. १९७३ मध्ये ते वारले. पेंटोथालची जागा पुढे बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉलनं घेतली आणि अमेरिकेतलं त्याचं उत्पादन २०११ मध्ये थांबलं. ती खोली मात्र राहिली. आज तिला आपण रिकव्हरी रूम म्हणतो.