फ्रेडरिक फ्रोबेल : बालकांच्या खेळाचे कैवारी

लहान मुलांच्या खेळास ज्यांनीं शिक्षणांत मानाचें स्थान मिळवून दिलें, त्या फ्रेडरिक फ्रोबेल ह्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, ओबरवाइसबाख ह्या खेड्यांत, २१ एप्रिल १७८२ रोजीं झाला. वडील लूथरपंथी पाळक होते. मूल नऊ महिन्यांचें असतांनाच आई निवर्तली. वडिलांच्या माथीं अनेक गांवांच्या मंडळ्यांचा भार असल्यामुळें घराकडे पाहण्यास त्यांस सवड नसे. (आमच्या पाळकांच्या व उपदेशकांच्या घरीं हें वाचून कोणी मान डोलावील काय?) सावत्र आईनें प्रथम माया लाविली, परंतु स्वतःस पुत्र होतांच तिनें ह्या बालकास 'तूं' म्हणणेंही सोडिलें व परक्याशीं बोलावें तशी ती त्याच्याशीं बोलूं लागली. दहाव्या वर्षीं मामांनीं त्यास आपल्या घरीं नेलें, तेव्हां कोठें त्यास सवंगडी मिळाले. पण खेळण्याची संवय नसल्यानें आरंभीं तो सर्वांच्या मागें पडे.

तरुणपणीं त्यांनीं नाना उद्योग केले. १८०५ सालीं ते शिक्षक झाले. पुढें दोन वर्षें स्वित्झर्लंडांत पेस्टालोझी ह्यांच्या शाळेंत राहिले व १८१६ सालीं त्यांनीं स्वतःची शाळा काढिली. शाळेंत येण्यापूर्वींचीं वर्षें फुकट जातात, हें त्यांच्या मनास फार लागलें. म्हणून १८३७ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं ब्लांकेनबुर्ग येथें तान्ह्या व लहान मुलांच्या खेळाची संस्था उघडिली. १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, हें नांव दिलें.

तेथील खेळणीं अगदीं साधीं होतीं. पहिलें, सहा रंगांचे लोंकरीचे सहा चेंडू. आई चेंडू दोरीनें झुलवी, लपवी, पुन्हां दाखवी, आणि वर, खालीं, गेला, आला हे शब्द मूल खेळतां खेळतां शिके. दुसरें, लांकडाचा गोळा, घन व नळकांडें : गोळा घरंगळतो, घन स्थिर बसतो, नळकांडें दोन्हीं करितें. तिसरें, आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. त्याची पेटी पालथी घालून ती अलगद उचलीत, म्हणजे मुलास प्रथम अखंड वस्तु दिसे. मग तें खुर्ची करी, भिंत करी, जिना करी. एकही तुकडा बाजूस टाकावयाचा नाहीं व केलेलें मोडून न टाकतां त्यांतूनच दुसरें रचावयाचें, असा नियम असे. खेळ संपला कीं सर्व तुकडे जुळवून पुन्हां पेटींत. पुढें कित्येक शिक्षकांनीं ह्याची नुसती कवाईत केली, हें आम्हांस खेदानें सांगावें लागतें. चेंडूस मात्र घरचें सूत व चिंध्याही पुरतात.

ह्या कामास त्यांनीं स्त्रियांस शिक्षण देऊन तयार केलें. १८४९ सालीं लीबेनस्टाइन येथें शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर नाचतांना व खेळतांना पाहून लोक त्यांस वेडा म्हातारा म्हणत. ह्याहून मोठा घाव पुढें बसला. त्यांच्या पुतण्याच्या लिखाणाशीं घोंटाळा करून प्रशियाच्या सरकारनें ऑगस्ट १८५१ मध्यें किंडरगार्टनांस बंदी केली. आरोप नास्तिकपणाचा, आणि तो पाळकाच्या ह्या देवभीरु पुत्रावर! त्यांनीं राजाकडे दाद मागितली. ती लागली नाहीं. २१ जून १८५२ रोजीं मारीएनथाल येथें त्यांचा अंत झाला.

बंदी १८६० सालीं उठली. श्वाइना येथें त्यांच्या थडग्यावर घन, नळकांडें व गोळा एकावर एक रचून ठेविलेले आहेत.