सी. के. नायडू

कोट्टारी कनकैया नायडू (३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर – १४ नोव्हेंबर १९६७, इंदूर) हे भारताच्या कसोटी क्रिकेट संघाचे पहिले कर्णधार होत. आक्रमक उजखुरे फलंदाज, उपयुक्त गोलंदाज आणि करड्या शिस्तीचे संघनायक म्हणून ते ओळखले जात. ते ७ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनी २५ च्या सरासरीने ३५० धावा केल्या व ९ बळी घेतले. निरनिराळ्या काळांतील खेळाडूंची तुलना सरासरीवरून करण्याची प्रथा असल्याने अशा तक्त्यांत नायडूंचे नाव फार खाली येते. मात्र हे ७ सामने त्यांच्या वयाच्या ३६ ते ४० या वर्षांतील आहेत.

पूर्वायुष्य

नायडूंचे घराणे तेलुगूभाषक असले तरी नागपुरात स्थिरावलेले व प्रतिष्ठित होते. आजोबा वकील होते आणि शहराच्या सार्वजनिक जीवनात त्यांना मान होता. नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. तेथेच नायडूंचे शिक्षण झाले व क्रिकेटची सुरुवातही तेथेच झाली. त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू हेही पुढे भारताकडून कसोटी सामने खेळले.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये नायडूंचे पदार्पण १९१६ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत, हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध झाले. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथ्यावर षटकार मारून धावांचे खाते उघडले. १९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावून सैन्यात अधिकारी नेमले. पुढे ते कर्नल झाले आणि ही पदवी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

१९२६ चा डाव

आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ १९२६-२७ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आला. मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाविरुद्धच्या सामन्यात पाहुण्या संघाने ३६३ धावा केल्या. त्याला उत्तर देताना नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. वृत्त पसरताच कामधंदा सोडून लोक मैदानाकडे धावले, आसपासच्या इमारतींची गच्चीसुद्धा मोकळी राहिली नाही. त्याच दौऱ्यात दि. ब. देवधर यांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावांची खेळी केली. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या व्यावसायिक गोलंदाजांना तोंड देऊ शकतात, हे या दोन डावांनी दाखवून दिले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

कसोटी कारकीर्द

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या घनश्यामसिंहजींकडे होते, कारण संस्थानिकाशिवाय संघ सांभाळला जाणार नाही अशी त्या वेळची समजूत होती. महाराजांना स्वतःच्या खेळाची मर्यादा ठाऊक होती व ते बाजूला झाले. लिंबडी जायबंदी झाले. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व नायडूंनी केले. महंमद निसार यांच्या वेगापुढे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक ४० धावा नायडूंनीच केल्या. सामना इंग्लंडने १५८ धावांनी जिंकला. या दौऱ्यातील प्रथम श्रेणीच्या सामन्यांत नायडूंनी १,६१८ धावा केल्या, आणि १९३३ च्या विस्डेन वार्षिकाने वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डीन यांच्या संघाविरुद्धही तेच कर्णधार होते. मुंबईच्या कसोटीत लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक काढले, तेव्हा दुसऱ्या बाजूला ६७ धावा करणारे नायडू होते. १९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद पुन्हा विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे खेळाडू म्हणून कितीतरी खालच्या दर्जाच्या व्यक्तीकडे गेले. ओव्हलच्या कसोटीत गबी ॲलन यांचा चेंडू अंगावर जोरात आदळूनही नायडू खेळत राहिले आणि त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या व तोच अखेरचा कसोटी सामना.

इतर काळांशी तुलना

ऑस्ट्रेलिया पहिला कसोटी सामना १८७७ मध्ये खेळली, भारत ५५ वर्षांनी. त्यामुळे डॉन ब्रॅडमन यांना वयाच्या २० व्या वर्षी कसोटीचे मैदान मिळाले. त्यांचे ५२ सामने झाले व सरासरी ९९.९४ राहिली. नायडूंना विशीत व तिशीच्या पूर्वार्धात असे मैदान उपलब्धच नव्हते. मुंबईचे चौरंगी, पंचरंगी सामने व पाहुण्या संघांविरुद्धच्या लढती एवढीच त्यांची कसोटी होती, तीही बऱ्याचदा काथ्याच्या चटईवरच्या खेळपट्टीवर. ब्रॅडमनपेक्षा व्हिक्टर ट्रम्पर यांच्याशी त्यांची तुलना अधिक सयुक्तिक ठरते. ट्रम्पर यांची कसोटी सरासरी ३९.०४ असूनही ऑस्ट्रेलियाच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजांत त्यांचे नाव घेतले जाते, ते खेळण्याच्या ढंगामुळे. तरी ट्रम्पर ४८ कसोटी सामने खेळले होते. देवधर आणि पळवणकर बाळू यांच्या वाट्याला तर एकही कसोटी सामना आला नाही, त्यामुळे अशा तक्त्यांत त्यांची नोंदच नसते.

होळकर संघ व उत्तरायुष्य

नायडूंच्या कारकिर्दीचा मोठा भाग कसोटी संपल्यानंतरचा आहे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखाली होते. दुखापतीची सबब सांगून मैदान सोडण्याची सोय त्यांच्या संघात नव्हती. हा नियम ते स्वतःलाही लावत. मुंबईविरुद्धच्या एका सामन्यात दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून दात तुटले, तरी वयाच्या ५६ व्या वर्षी ते पुढे खेळले. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा काढल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाकडून राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या. वय ६१. अखेरचा प्रथम श्रेणी सामना ते ६८ व्या वर्षी खेळले. २०७ सामन्यांत ११,८२५ धावा, २६ शतके व ४११ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील एकूण कामगिरी होय.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. हा सन्मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू होत. नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. २३ वर्षांखालील खेळाडूंची कर्नल सी. के. नायडू करंडक स्पर्धाही भरते. आमगाव-गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतच्या मुलांना ज्यात स्थान मिळू शकते, तो विदर्भाचा संघही या स्पर्धेत उतरतो.