पंडिता रमाबाई : पायवाटेकडून जलमार्गाकडे

मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंचा उल्लेख होतो तो बहुधा ओझरता. समाजसुधारक आणि धर्मांतरित विदुषी या दोन प्रतिमांआड त्यांच्यातील प्रवासलेखिका झाकोळून गेली. या लेखिकेच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला होता. पुढे त्या मातेनेच, लक्ष्मीबाईंनी, मुलीला संस्कृताचे पाठ दिले. कर्जबाजारी झालेले हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थातीर्थांतून पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडिलांचा बळी घेतला. रमाबाई व बंधू श्रीनिवास यांनी त्यानंतरही पायपीट चालूच ठेवली आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथे त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या मिळाल्या. बंधूचा मृत्यू, १८८० मधील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ मधील वैधव्य हे सारे अवघ्या दोन वर्षांत घडले. देवदर्शनासाठी केलेला प्रवास आणि पोटासाठी केलेली भटकंती यांतील अंतर त्यांना बालपणीच कळले होते. पुढील लेखनात निव्वळ प्रेक्षणीय स्थळांविषयी जी अलिप्तता आढळते तिचे मूळ येथे असावे, असे मला वाटते.

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' लिहिली. या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चाची तरतूद झाली. समुद्रगमन निषिद्ध मानणाऱ्या समाजातील एक ब्राह्मण विधवा लहान मुलीसह एप्रिल १८८३ मध्ये आगबोटीवर चढली, तीही स्वतःच्या लेखणीच्या कमाईवर, ही गोष्ट वाङ्मयेतिहासातही नोंदविण्याजोगी आहे. सदाशिव पांडुरंग केळकर यांना पाठविलेले त्यांचे प्रवासविषयक पत्र त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने प्रसिद्ध झाले. सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रातील अनेक वाचक त्यांना दुरावले.

फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाकडे निघाल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहणे हे निमित्त होते. समारंभ ११ मार्चला झाला. थोड्याच काळासाठी गेलेल्या रमाबाई मात्र १८८८ च्या अखेरीपर्यंत तेथे राहिल्या. व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि हिंदू विधवांसाठी निधी उभारला. नोव्हेंबर १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपान, हाँगकाँगमार्गे त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस परतल्या. अशा रीतीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते ११ मार्च १८८९ रोजी उघडलेले शारदा सदन.

त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ निघाला. शीर्षकात लोकस्थिती आधी आणि प्रवासवृत्त नंतर आहे, हा क्रम सहेतुक असावा. अटलांटिकवरील जलप्रवासाच्या वर्णनाने ग्रंथाचा आरंभ होतो, परंतु जहाज किनाऱ्याला लागताच लेखिकेचे लक्ष राज्यपद्धती, शाळा, धर्मादाय संस्था, व्यापार आणि मुख्यत्वे स्त्रियांची स्थिती यांकडे वळते. अमेरिकेविषयीचा आदर उघड आहे. तथापि मूळ रहिवाशांवरील अन्याय, कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि स्त्रियांना नाकारलेले मताधिकार यांबाबत त्यांनी हातचे राखलेले नाही. ज्यांच्या मदतीवर स्वतःची संस्था उभी राहायची होती, त्यांच्याच समाजाचे दोष मायभाषेत मांडावयास वेगळे धैर्य लागते. या ग्रंथाला प्रवासवर्णन म्हणावे की समाजचिकित्सा, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझ्या मते निसर्गवर्णन आणि आत्मपरता यांनाच प्रवासवर्णनाची कसोटी मानण्याची आपली सवय या प्रश्नामागे आहे. ती कसोटी लावली तर हा ग्रंथ उणा ठरतो, आणि तसा तो ठरविला गेलाही.

पुढे सदनातील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढ्यावरून वादळ उठले. दुष्काळपीडित स्त्रियांना आश्रय देत रमाबाई केडगावी मुक्तिसदनात स्थिरावल्या आणि बायबलच्या मराठी भाषांतरात गढून गेल्या. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या, परंतु तसा ग्रंथ पुन्हा लिहिला नाही. मनोरमा १८२१ नव्हे तर १९२१ मध्ये, आईच्या हयातीतच निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या अमेरिकावृत्ताचा मीरा कोसंबी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.